मासिकाचे वर्गणीदार पोस्टग्रेसमधून मेलचिंपला आपोआप कसे पाठवायचे? एन८एन वापरलंय का कुणी?

कोरा कागद

नमस्कार मंडळी, तांत्रिक विभागात पहिलाच धागा काढतीये, सांभाळून घ्या. आमचं एक छोटं मासिक आहे, शिवाय दिवाळी अंक. वर्गणीदारांची सगळी माहिती पोस्टग्रेस डेटाबेसमध्ये, वर जँगोचं (पायथॉनमधलं वेबसाइट बनवायचं फ्रेमवर्क) अॅडमिन पॅनल, हे एका ओळखीच्या मुलाने करून दिलं होतं, तो आता नोकरीत अडकलाय, फोन उचलतो पण रविवारीच. ईमेल जातात मेलचिंपवरून. आणि या दोघांच्या मधे मी. दर महिन्याला अॅडमिनमधून सीएसव्ही काढायची, एक्सेलमध्ये उघडून नीट करायची आणि मेलचिंपला चढवायची. साडेचार हजारच्या आसपास पत्ते आहेत.

त्रास असा की ज्यांनी परवा वर्गणी भरली त्यांना आज "आपली वर्गणी संपली आहे" असा मेल जातो, मग ते आजोबा ऑफिसला फोन करून पावती क्रमांक वाचून दाखवतात. ज्यांनी मेल नको म्हणून अनसबस्क्राइब केलं ते आमच्या डेटाबेसला कळतच नाही. आणि निम्मी नावं देवनागरीत आहेत, त्यांची अधूनमधून प्रश्नचिन्हं होतात, "प्रिय ????" असा मेल गेला की संपादकांचा रक्तदाब वाढतो.

एका मैत्रिणीने एन८एन सुचवलं, वेगवेगळी सॉफ्टवेअर जोडून कामं आपोआप करून घ्यायचं टूल. त्याच सर्व्हरवर डॉकरने (प्रोग्रॅम वेगळ्या डब्यात, म्हणजे कंटेनरमध्ये, चालवायची सोय) चढवलं, चालू झालं, ५६७८ पोर्टवर दिसतंय. पण पोस्टग्रेसचं क्रेडेन्शियल टाकलं की 'कनेक्शन रिफ्यूज्ड'. होस्ट लोकलहोस्ट, पोर्ट ५४३२, पासवर्ड बरोबर आहे, तोच जँगोत चालतोय. मला सिलेक्ट क्वेरी येते, जॉइन येतो, त्यापुढे अंधार. झेपियर म्हणून असंच एक ऑनलाइन टूल आहे, पण त्याचे पैसे मिळणार नाहीत, विचारून झालंय.

रात्रपाळी

लोकलहोस्ट हाच घोळ आहे. कंटेनरच्या आतून लोकलहोस्ट म्हणजे तो कंटेनर स्वतः, तुमचा सर्व्हर नव्हे, आणि त्या कंटेनरात पोस्टग्रेस नाहीये. पोस्टग्रेसपण डॉकरमध्येच असेल तर दोघांना एका नेटवर्कमध्ये टाका आणि होस्टच्या जागी कंपोज फाइलमधलं (कंटेनर कसे चालवायचे ते लिहिलेली फाइल) सर्व्हिसचं नाव लिहा. पोस्टग्रेस थेट सर्व्हरवर असेल तर होस्ट-डॉट-डॉकर-डॉट-इंटरनल, पण लिनक्सवर ते आपोआप मिळत नाही, कंपोजमध्ये एक्स्ट्रा-होस्ट्सखाली होस्ट-गेटवेची ओळ घालावी लागते. मग पोस्टग्रेसच्या कॉन्फिगमध्ये लिसन-अॅड्रेसेसमध्ये डॉकरच्या ब्रिजचा पत्ता आणि पीजी-एचबीए फाइलमध्ये (कुणी कुठून जोडायचं ते ठरवणारी) तेवढ्याच रेंजला परवानगी. तेवढ्याच हं. कुठेतरी वाचून तिथे सगळ्या जगाला परवानगी देणारे लोक पाहिलेत, ५४३२ बाहेर उघडं दिसलं की पासवर्ड चाचपणारे बॉट यायला वेळ लागत नाही.

आणि जँगोचा युजर एन८एनला देऊ नका. वेगळा रोल (डेटाबेसचा युजर) करा, वेगळा व्ह्यू (ठरावीक कॉलमच दाखवणारी साठवलेली क्वेरी) करा, त्या रोलला फक्त त्या व्ह्यूवर सिलेक्टचा हक्क. मेलचिंपला ईमेल, नाव, वर्गणी कधी संपते एवढंच लागतं, घरचा पत्ता आणि फोन नंबर एन८एनला दिसायचं कारणच नाही.

ठाण्याचा बोका

एवढा उपद्व्याप कशाला? झेपियरवर नाहीतर मेकवर चहा होईपर्यंत जोडून होतं. मासिक चालवताय आणि महिन्याला थोडे पैसे नाहीत?

रात्रपाळी

बोकेभाऊ, झेपियर टास्क मोजतं. प्रत्येक वर्गणीदारामागे प्रत्येक कृती हा एक टास्क, साडेचार हजार लोक एकदा जरी फिरवले तरी प्लॅन कुठल्या कुठे जातो. एन८एनच्या क्लाउडवर अख्खा वर्कफ्लो एकदा चालला की एक एक्झिक्युशन, मग आत शंभर ओळी असोत की हजार, आणि स्वतःच्या सर्व्हरवर तर मोजणीच नाही. शिवाय क्लाउडवाल्या टूलसाठी डेटाबेस बाहेर उघडावा लागतो, म्हणजे आत्ता मी जे नको म्हणालो तेच.

ठाण्याचा बोका

बरं. पण ओपन सोर्स म्हणून नाचू नका, त्याचं लायसन्स वेगळंय.

रात्रपाळी

हो, सस्टेनेबल यूज लायसन्स, ते लोक त्याला फेअर-कोड म्हणतात. ऑफिसच्या कामाला फुकट आहे. उद्या ताईंनी तेच होस्ट करून इतर मासिकांना विकायला काढलं तर अडचण, ती वेळ आली की बघू.

कोरा कागद

जोडलं गेलं! सर्व्हिसचं नाव टाकल्याबरोबर हिरवं झालं. व्ह्यू आणि वेगळा रोलपण केला. रात्रपाळी, तुम्हाला दिवाळी अंक माझ्याकडून.

पुढचा प्रश्न. क्वेरी चालवली की दर वेळी सगळेच्या सगळे येतात. मला फक्त बदललेले हवेत. एन८एनमध्ये 'पोस्टग्रेस ट्रिगर' नावाचा नोड (वर्कफ्लोतली एक पायरी) दिसला, ओळ बदलली की आपोआप कळतं म्हणे. तो वापरू का?

पोस्टमनकाका

तो दिसायला छान आहे पण तुमच्या कामाला नको. आतून तो पोस्टग्रेसचं लिसन-नोटिफाय वापरतो, आणि ते निरोप कुठेही साठत नाहीत, ऐकणारा त्या क्षणी जोडलेला नसेल तर निरोप गेला तो गेलाच. तुम्ही एन८एन अपडेट करायला दोन मिनिटं बंद केलं आणि तेवढ्यात कुणी वर्गणी भरली तर तो माणूस मेलचिंपला कधीच पोचणार नाही आणि कुठे एरर पण दिसणार नाही. शिवाय एका निरोपात ८००० बाइटच्या आतच मजकूर मावतो. मासिकाच्या वर्गणीला क्षणाक्षणाची खबर लागतेच कशाला, पंधरा मिनिटांनी कळलं तरी काय बिघडतंय? ठरावीक वेळाने चालणारा शेड्यूल ट्रिगर लावा, आणि "शेवटचा बदल या वेळेनंतरचा" एवढ्याच ओळी आणा.

आता त्यातली मेख. टेबलमध्ये अपडेटेड-अॅटचा कॉलम असेल, जँगोवाले ऑटो-नाऊ लावतात. पण ते फक्त सेव्ह होताना बदलतं. अॅडमिनमध्ये तुम्ही वीस जण टिक करून वरच्या यादीतून "नूतनीकरण झाले" निवडत असाल तर तिथे बहुतेक क्वेरीसेटचं अपडेट चालतं, त्यात सेव्ह होतच नाही आणि वेळेचा कॉलम जुनाच राहतो. म्हणजे नेमके नूतनीकरणवालेच सुटणार. म्हणून ती वेळ डेटाबेसमध्येच ट्रिगर लिहून बदलायची, बदल जँगोतून येवो, हाताने येवो की रविवारच्या मुलाकडून येवो.

"शेवटचं कुठपर्यंत आलो" ही खूण एन८एनच्या स्टॅटिक डेटामध्ये ठेवायचा सल्ला बऱ्याच ठिकाणी मिळेल. हाताने टेस्ट करताना ती तिथे साठतच नाही, वर्कफ्लो अॅक्टिव्ह असतानाच साठते, त्यामुळे टेस्ट करताना काही उलगडत नाही. सरळ पोस्टग्रेसमध्येच एक छोटं टेबल करा, एक ओळ, त्यात वेळ. आणि ती खूण मेलचिंपकडून सगळी उत्तरं आल्यावर पुढे सरकवा, आधी नाही.

शिवाय दर वेळी पाच मिनिटं मागून सुरुवात करा. पोस्टग्रेसमध्ये नाऊ म्हणजे ट्रॅन्झॅक्शन सुरू झाल्याची वेळ, संपल्याची नाही. एखादं लांबलचक इम्पोर्ट दहाला सुरू होऊन दहा वाजून तीन मिनिटांनी संपलं तर त्या ओळींवर शिक्का दहाचा, आणि तुमची खूण तोवर पुढे गेलेली. थोड्या ओळी दुबार गेल्या तरी चालतात, फक्त मेलचिंपकडे पाठवण्याची पद्धत दुबार चालणारी पाहिजे. ते संध्याकाळी लिहितो, आत्ता बस आली.

उंबरठा

काका बसमधून पण एवढं टाइप करतात आणि आमच्याकडे डेव्हलपरला दोन ओळींचं डॉक्युमेंटेशन लिहायला सांगितलं की ताप येतो.

सरळसोट

मेलचिंपच कशाला? लिस्टमंक बघा. झिरोधाच्या कैलाश नाध यांनी लिहिलंय, खरंखुरं ओपन सोर्स, एकच बायनरी, आणि डेटाबेस पोस्टग्रेसच. त्याच सर्व्हरवर चालेल. मेल पाठवायला अॅमेझॉनचं एसईएस, मुंबई रीजन आहे, हजार मेलला दहा सेंट. मेलचिंप तर अनसबस्क्राइब केलेल्या लोकांचेही पैसे लावतं, आर्काइव्ह करेपर्यंत ते मोजणीत राहतात.

कोरा कागद

हे आर्काइव्हचं माहीत नव्हतं!! बघते लगेच. पण मेल डिझाइन करतात त्या आमच्या सहसंपादक बाई, त्यांना मेलचिंपची सवय झालीये, हेडिंगचा रंग बदलायला माझ्याकडे यायला लागल्या तर माझं पुन्हा तेच.

पोस्टमनकाका

सरळसोट यांचा मुद्दा बरोबर आहे पण एसईएस नवीन घेतलं की सँडबॉक्समध्ये असतं, दिवसाला २०० मेल, ते पण आधी व्हेरिफाय केलेल्या पत्त्यांनाच. अर्ज करून बाहेर यावं लागतं. आणि बाउन्स (न पोचता परत आलेले मेल) ५ टक्क्यांवर गेले की खातं तपासणीखाली. वर्षानुवर्षं न झाडलेली यादी घेऊन तिथे जाणं म्हणजे विषाची परीक्षा. वर्षभर मेलचिंपवर यादी स्वच्छ होऊ दे, मग खुशाल हलवा.

आता राहिलेलं. एन८एनच्या मेलचिंप नोडमध्ये 'क्रिएट' वापरलंत तर आधीपासून असलेल्या माणसाला "मेंबर एक्झिस्ट्स" म्हणून ४०० एरर येणार. त्याऐवजी एचटीटीपी रिक्वेस्ट नोड घ्या, मेलचिंपचं क्रेडेन्शियल त्यालाही लावता येतं, आणि पुट रिक्वेस्ट पाठवा. मेलचिंपमध्ये माणसाची ओळख म्हणजे त्याच्या ईमेलची लहान अक्षरं करून काढलेला एमडी५ हॅश (मजकुरावरून बनणारा ठरावीक लांबीचा कोड), एन८एनचा क्रिप्टो नोड तो काढून देतो, नाहीतर व्ह्यूमध्येच काढा, पोस्टग्रेसलाही येतो. असेल तर अपडेट, नसेल तर नवीन. झालं दुबारचं काम.

आणि आता जे सांगतोय ते नीट वाचा, कारण तुमच्या तिन्ही तक्रारींतली सगळ्यात वाईट हीच आहे. रिक्वेस्टमध्ये 'स्टेटस' पाठवायचंच नाही. फक्त 'स्टेटस-इफ-न्यू' पाठवायचं. स्टेटस सबस्क्राइब्ड असं पाठवत राहिलात तर "मेल नको" म्हणालेल्या माणसाला दर पंधरा मिनिटांनी परत खेचायचा उद्योग होतो. प्रत्येक कॉलमचा मालक एकच हवा. नाव, वर्गणी कधी संपते, कुठल्या गावचा, हे तुमच्या डेटाबेसचं, मेलचिंपमध्ये कुणी हाताने बदललं तरी पुढच्या फेरीत पुसलं जाणार, ते सहसंपादक बाईंना आत्ताच सांगून ठेवा. मेल हवा की नको, पत्ता जिवंत की मेला, हे मेलचिंपचं, त्यात डेटाबेसने बोट घालायचं नाही, फक्त ऐकायचं. शेतात बांध नसला की दोन्हीकडचे नांगर एकमेकांत घुसतात तसं होतं नाहीतर. लोक तासन् तास नोड जोडतात आणि हा कागदावरचा अर्ध्या पानाचा निर्णय कुणी घेत नाही.

उंबरठा

हे शेवटचं वाक्य छापून आमच्या मीटिंग रूममध्ये लावतोय.

कोरा कागद

काका, पहिली फेरी दिली, साडेचार हजारांपैकी बरेच गेले, मग ४२९ एरर (फार रिक्वेस्ट आल्या म्हणून नकार), आणि मग एका पत्त्यावर "फेक ऑर इनव्हॅलिड" म्हणून सगळंच थांबलं. तो पत्ता जीमेल डॉट कॉन होता :) अजून एक कोडं आहे. आमच्याकडे एकाच ईमेलवर दोन-दोन वर्गण्या आहेत, मुलाचा ईमेल आणि वर्गणी आईच्या नावाने एक, सासऱ्यांच्या नावाने एक. मेलचिंपमध्ये त्यांचं काय होतं?

रात्रपाळी

४२९ चं मी सांगतो. मेलचिंप एका वेळी १० कनेक्शनच घेतं आणि एचटीटीपी नोड सगळ्या ओळी एकदम सोडतो. नोडच्या ऑप्शनमध्ये बॅचिंग आहे, पाच-पाच ओळी, मधे एक सेकंद. सेटिंगमध्ये रिट्राय चालू करा आणि एरर आली तर पुढे चालू ठेवून चुकलेल्या ओळी वेगळ्या फांदीवर काढायची सोय आहे, ती फांदी एका टेबलात न्या. डॉट कॉनवाल्यांची यादी ऑफिसला मिळाली की फोन करून पत्ते दुरुस्त करता येतील.

पोस्टमनकाका

एक ईमेल म्हणजे मेलचिंपमध्ये एकच माणूस. दोन ओळी पाठवल्यात तर जी शेवटी जाईल तिची तारीख राहणार, कधी आईची कधी सासऱ्यांची. व्ह्यूमध्येच ईमेल लहान अक्षरात करून, आजूबाजूच्या स्पेस कापून ग्रुप करा. तारीख कुठली घ्यायची हा धंद्याचा निर्णय. सगळ्यात उशिराची घेतलीत तर आईची वर्गणी संपल्याचं कळणार नाही, सगळ्यात आधीची घेतलीत तर कळेल पण कुणाची ते मजकुरात सांगावं लागेल. मी आधीची घेईन आणि नावं जोडून पाठवीन.

ईमेल बदलला तर काय, हा याचाच भाऊ. नवीन ईमेलचा हॅश वेगळा, त्यामुळे पुट केलं की मेलचिंपमध्ये दुसरा माणूस तयार होतो आणि जुना तसाच राहतो. त्यासाठी जुन्या हॅशवर पॅच रिक्वेस्ट (असलेलीच नोंद बदलायची) करून नवीन पत्ता द्यावा लागतो, म्हणजे शेवटचा पाठवलेला पत्ता तुमच्याकडे साठवलेला हवा. एक कॉलमचं काम आहे, आत्ताच करून टाका.

ठाण्याचा बोका

वेळेचं बघितलंत का ताई? आमच्याकडे अशाच एका सेटअपमध्ये सकाळी ९ चा रिपोर्ट संध्याकाळी साडेसहाला यायचा आणि थंडीत साडेसातला. स्वतः होस्ट केलेल्या एन८एनचा टाइमझोन डिफॉल्टने न्यूयॉर्क असतो. जेनेरिक-टाइमझोन नावाचं एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल आहे, तिथे एशिया-कोलकाता.

रात्रपाळी

बोकेभाऊ कामाचं बोलले! त्याला जोडून, पोस्टग्रेसमधली टाइमझोनवाली वेळ एन८एनमध्ये यूटीसीत (भारतीय वेळेच्या साडेपाच तास मागे) येते. वर्गणी १ एप्रिलच्या मध्यरात्री संपते असं साठवलं असेल तर ती ३१ मार्च १८:३० दिसते, नुसती तारीख कापून घेतलीत की एक दिवस गेला. तारीख व्ह्यूमध्येच भारतीय वेळेत कापा.

प्रश्नचिन्हांचं राहिलं. तो दोष ना पोस्टग्रेसचा ना मेलचिंपचा. एक्सेलमध्ये उघडून साध्या सीएसव्हीत सेव्ह केलं की देवनागरी उडते, यूटीएफ-८ वाला सीएसव्हीचा पर्याय वेगळा असतो. आता मधलं एक्सेलच निघून गेल्यामुळे आपोआप सुटेल.

कोरा कागद

सुटलंय! "प्रिय" च्या पुढे माणसांची नावं दिसतायत. आता परतीचा रस्ता सांगा, अनसबस्क्राइब झालेले डेटाबेसमध्ये कसे आणू?

पोस्टमनकाका

मेलचिंपमध्ये ऑडियन्सच्या सेटिंगमध्ये वेबहुक आहे, म्हणजे काही घडलं की मेलचिंप आपण दिलेल्या वेब-पत्त्यावर स्वतः कळवतं. अनसबस्क्राइब, क्लीन्ड आणि ईमेल बदलला हे तीन प्रकार निवडा. क्लीन्ड म्हणजे पत्ता मेलेला. खाली विचारतं की बदल कुणी केला तर कळवू, वाचकाने, अॅडमिनने की एपीआयने (म्हणजे तुमच्या एन८एनसारख्या प्रोग्रॅमने). एपीआयवरची टिक काढा, नाहीतर तुम्हीच पाठवलेला बदल तुमच्याकडेच परत येऊन गोल गोल फिरत बसेल.

एन८एनमध्ये वेबहुक नोड. त्याचे दोन पत्ते असतात, टेस्टचा आणि प्रॉडक्शनचा, प्रॉडक्शनचा वर्कफ्लो अॅक्टिव्ह केल्यावरच चालतो. मेलचिंप पत्ता जोडताना आधी एक गेट रिक्वेस्ट मारून बघतं आणि मग खरी माहिती पोस्टने पाठवतं, तीसुद्धा जेसन नाही, फॉर्मसारखी, तेव्हा नोडने दोन्ही स्वीकारलं पाहिजे. किंवा एन८एनचा मेलचिंप ट्रिगर घ्या, तो हे स्वतः बघतो. वेबहुक नोड घेतलात तर पत्त्यात एक लांब, कुणाला सुचणार नाही असा शब्द घाला.

आणि हे लिहायचं मुख्य टेबलात नाही. 'मेल-घटना' असं वेगळं टेबल, एन८एनच्या दुसऱ्या रोलला त्यात फक्त इन्सर्टचा हक्क. क्वेरीत ईमेल थेट चिकटवू नका, पॅरामीटर वापरा, बाहेरून आलेला मजकूर आहे तो. अॅडमिनमध्ये ते टेबल वाचून वर्गणीदाराच्या समोर "मेल नको" दाखवायचं काम रविवारच्या मुलाला द्या.

उंबरठा

एक कायद्याचं बोलू का, वकील नाहीये, प्रायव्हसीच्या टीममध्ये काम करतो. मासिकाची वर्गणी भरली याचा अर्थ दिवाळी सेट, पुस्तकांवरची सूट वगैरेच्या मेलला संमती दिली असा होत नाही. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात संमती काढून घेणं हे देण्याइतकंच सोपं असलं पाहिजे असं आहे. फॉर्मवर वेगळी टिक ठेवा, कधी टिक केली ती तारीख साठवा आणि व्ह्यूमध्ये फक्त टिकवालेच येऊ द्या.

आणि "वर्गणी संपत आली" हा मेल माझ्या मते या यादीतून जायलाच नको. ज्याने जाहिराती नको म्हणून अनसबस्क्राइब केलं त्यालाही ती सूचना मिळायला हवी ना, पैसे भरलेत त्याने. ती जँगोतून थेट पाठवा.

पोस्टमनकाका

तत्त्वतः मान्य, पण मग त्यात खाली दिवाळी सेटची जाहिरात डकवायची नाही. मार्केटिंगवाल्यांचा हात तिथेच शिवशिवतो.

सरळसोट

मेल कुठल्या पत्त्यावरून जातात ताई? साधं जीमेल असेल तर बदला. फेब्रुवारी २०२४ पासून गूगल आणि याहूने नियम कडक केलेत. दिवसाला ५००० च्या वर जीमेलवाल्यांना पाठवणाऱ्यांना एसपीएफ, डीकिम, डीमार्क (मेल खरंच तुमच्या डोमेनचा आहे हे पटवणाऱ्या नोंदी) तिन्ही आणि एका क्लिकवर अनसबस्क्राइब सक्तीचं, स्पॅमच्या तक्रारी ०.३ टक्क्यांच्या खाली. तुम्ही थोड्या खाली आहात, पण स्वतःचं डोमेन आणि त्यावर डीकिम करून टाका, यादी वाढली की लागणारच.

कोरा कागद

जीमेलच होतं. डोमेन आहे आमचं, आज डीएनएसमध्ये मेलचिंपने दिलेल्या ओळी टाकल्या, ऑथेंटिकेटेड दाखवतंय.

आठवडाभर दोन्हीकडचा रस्ता चालू आहे. अनसबस्क्राइबवाले डेटाबेसमध्ये यायला लागले. संमतीची टिक लावल्यावर यादी बरीच बारीक झाली, संपादक नाराज आहेत, पण पावती क्रमांक वाचून दाखवणारे फोन थांबलेत म्हणून गप्प आहेत. एकच शंका, रात्री काही बदललं नसेल तर वर्कफ्लो पहिल्या नोडवरच थांबतो, ते बरोबर ना?

रात्रपाळी

बरोबर. शून्य ओळी आल्या की पुढचे नोड चालत नाहीत. फक्त "काही बदल नाही" आणि "बंद पडलंय" यातला फरक कळण्यासाठी एरर ट्रिगरचा वेगळा वर्कफ्लो करा, फसलं की तुम्हाला टेलिग्रामवर निरोप. आणि एन८एनच्या एन्क्रिप्शन कीचा बॅकअप सर्व्हरच्या बाहेर ठेवा, ती हरवली तर साठवलेले पासवर्ड उघडत नाहीत, सगळी क्रेडेन्शियल पुन्हा टाकत बसावं लागेल.

हापूसवाला

छान धागा, वाचनखूण साठवली. आमचं आंब्याचं ऑनलाइन दुकान आहे, वूकॉमर्सवर (वर्डप्रेसचं दुकानाचं प्लगइन), डेटाबेस मायएसक्यूएल. हेच सगळं तिथे चालेल का? मी डब्ल्यूपी-पोस्ट्स टेबलवर क्वेरी मारतोय पण या सीझनच्या ऑर्डरी त्यात दिसतच नाहीयेत.

पोस्टमनकाका

वूकॉमर्सने ऑर्डरी वेगळ्या टेबलांत हलवल्यात, २०२३ च्या ८.२ आवृत्तीपासून नवीन दुकानांना ते डिफॉल्टच आहे. डब्ल्यूसी-ऑर्डर्स नावाचं टेबल बघा. पण तुम्ही डेटाबेसला हात लावूच नका, वूकॉमर्सच्या सेटिंगमध्ये अॅडव्हान्स्डखाली वेबहुक आहेत, ऑर्डर क्रिएटेड, ऑर्डर अपडेटेड, ते थेट एन८एनला द्या. सलग काही वेळा तुमच्याकडून उत्तर नाही मिळालं तर वूकॉमर्स ते वेबहुक बंद करून टाकतं, त्यामुळे रात्रीतून एकदा एपीआयने गेल्या दोन दिवसांच्या ऑर्डरी ओढून ताळा करा. बाकी स्टेटस-इफ-न्यू तेच.